बाथरूमचं वायरिंग: वायरच्या बंडलाआधी अर्थिंग आणि आरसीसीबी

सोलापुरात जुनं बाथरूम फोडून नवं करायला घेतलं की घरमालक मला पहिली गोष्ट विचारतात ती हीच, की वायर कुठल्या कंपनीची आणू? वायर चांगली हवीच, आणि ती कशी ओळखायची ते पुढे सांगतो. पण अर्थिंग नसलेल्या घरात गीझरच्या पत्र्यात करंट उतरला, तर बाजारातली सगळ्यात महाग वायरसुद्धा ओल्या अंगाने उभ्या असलेल्या माणसाला वाचवू शकत नाही. तिथे उपयोगी पडतात दोनच गोष्टी. एक म्हणजे खरोखर काम करणारं अर्थिंग, म्हणजे पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी तार, आणि दुसरा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळू लागला की लाईन तोडणारा बोर्डातला खटका. म्हणून कामाचा क्रम बदला. आधी जमीन, मग बोर्ड, मग भिंत, आणि शेवटी वायर.

बाथरूमला वेगळा न्याय का, ते आकड्यांत बघा. अंग ओलं असताना शरीराचा विजेला होणारा विरोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. घरात येतात २३० व्होल्ट. म्हणजे अंगातून २३० मिलीअँपिअर जाऊ शकतात. साधारण १० मिलीअँपिअरच्या पुढे हातात धरलेली वस्तू सोडता येत नाही, आणि ३० च्या पुढे जरा वेळ गेला तरी श्वास आणि हृदय धोक्यात येतं. बैठकीच्या खोलीत कोरड्या चपलेवर नुसता झटका बसून सुटलेला माणूस तोच दोष बाथरूममध्ये असता तर सुटला नसता.

पहिलं काम: घराला अर्थिंग आहे का ते बघा

महावितरणच्या खांबावरून सिंगल फेज घरात दोन तारा येतात, करंट आणणारी फेज आणि तो परत नेणारी न्यूट्रल. तिसरी, अर्थची तार आपल्याच आवारात खड्डा घेऊन आपण करायची असते. पेठांमधल्या जुन्या घरांत, सामाईक भिंतींच्या वाड्यांत ती पुष्कळदा झालेलीच नसते. भिंतीवर तीन भोकांचं सॉकेट आहे म्हणून अर्थिंग आहे असं धरू नका. प्लेट उघडली की वरच्या मोठ्या भोकामागे तारच नाही, असं सर्रास दिसतं.

त्याहून वाईट म्हणजे वरच्या पिनेपासून बोटभर तुकडा काढून तो शेजारच्या न्यूट्रलला जोडलेला असणं. गीझर चालतो, वॉशिंग मशीन चालतं, कुणाला काही कळत नाही. पण न्यूट्रल कुठेही सुटला, मग तो खांबावर असो, मीटरजवळ असो की बोर्डातल्या सैल स्क्रूखाली, की चालू असलेल्या उपकरणातून आलेला फेज त्या तुकड्यावाटे थेट गीझरच्या बॉडीवर येऊन बसतो. असा जोड सापडला तर त्याच दिवशी काढून टाका, आणि खरं अर्थिंग होईपर्यंत गीझर लावू नका. कितीही गैरसोय झाली तरी.

आता आपल्या जमिनीकडे या. वर काळी माती, खाली मुरूम, त्याच्याखाली काळा खडक. पावसाळ्यात ओल असते तोवर अर्थिंग बरं चालतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो, काळ्या मातीला भेगा पडतात आणि खड्ड्याचा विरोध चढत जातो. समजा ओल असताना ५ ओहम दाखवणारा खड्डा उन्हाळ्यात ५० ओहमवर गेला. गीझरमध्ये फेज बॉडीला टेकला तर जमिनीत जाणारा करंट होतो २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा बोर्डातला खटका, तेवढ्याने हलतसुद्धा नाही. गीझरचा पत्रा तसाच जिवंत राहतो आणि आपल्याला वाटतं, घरात अर्थिंग आहे, एमसीबी आहे, काळजी कसली. नुसत्या एमसीबीवर विसंबू नका असं मी कळकळीने सांगतो ते या हिशेबामुळे.

खड्डा नव्याने करायचा असेल तर आयएस ३०४३ या मानकातली साधी पाइप पद्धत घरासाठी पुरते. अडीच मीटर लांब, ४० मिमी व्यासाचा जीआय पाइप, भोवती कोळसा-मिठाचा भरणा, आणि जागा इमारतीपासून किमान दीड मीटर दूर. मिठाने पाइप काही वर्षांत खाल्ला जातो, म्हणून आता बेंटोनाइट या ओल धरणाऱ्या मातीचा भरणा असलेला तयार इलेक्ट्रोड, ज्याला बाजारात ‘केमिकल अर्थिंग’ म्हणतात, तो मला जास्त पटतो. चार-पाच फुटांवरच खडक लागला तर अर्धवट खड्ड्यात पाइप वाकवून बसवू देऊ नका. छोटा बोअर मारून घ्या. खड्ड्यावर झाकणाची कुंडी ठेवा आणि उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. त्या दिवसांत पाणी जपावं लागतं हे खरं, पण कपडे धुतलेलं पाणीही चालतं.

तपासणी कशी? वायरमनला अर्थ टेस्टर लावून ओहममध्ये आकडा मागा, आणि तो आकडा तारखेसह बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. मल्टीमीटरने फेज आणि अर्थमध्ये २३०च्या आसपास दिसलं म्हणजे अर्थिंग चांगलं असं नाही. मल्टीमीटर इतका थोडा करंट घेतो की जेमतेम टेकलेली तारही पास होते. काही जण १०० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून बघतात. बल्ब मिणमिणला तर अर्थिंग कामातून गेलंय हे नक्की. पण लख्ख पेटला तरी समाधान मानू नका, कारण १०० वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरही ओढत नाही, आणि ५० ओहमच्या खड्ड्यावरही तो जवळपास पूर्ण उजेड देतो. ही चाचणी परवानाधारक माणसानेच करायची. त्या वेळी घरातल्या कुणीही फ्रिजला, मशीनला हात लावायचा नाही, कारण अर्थ तुटलेलं असेल तर तेवढा वेळ सगळ्या बॉडी फेजवर येऊ शकतात.

जुन्या घरांत नळाच्या लोखंडी पाइपलाच अर्थ बांधलेलं असतं. पूर्वी सगळा पाइप जीआयचा होता तेव्हा ते कसंबसं चालून जायचं. प्लंबरने मध्ये चार फूट सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लॅस्टिकचा, पाइप घातला की अर्थिंग संपलं, आणि उरलेला लोखंडी तुकडा नळापर्यंत करंट आणून सोडतो. बाथरूममध्ये काही भाग जीआयचा राहणारच असेल तर तो हिरव्या तारेने घराच्या खऱ्या अर्थला जोडून घ्या.

दुसरं काम: बोर्डात आरसीसीबी

एमसीबी वायरला जपते, माणसाला नाही. ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किट झालं की ती पडते. आरसीसीबी वेगळंच मोजतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला का, एवढंच तो बघत असतो. मध्ये ३० मिलीअँपिअर कमी आले, म्हणजे ते कुठून तरी जमिनीत चाललेत, की ०.३ सेकंदाच्या आत तो लाईन तोडतो. गळती मोठी असेल तर याहून कितीतरी लवकर. वरच्या उदाहरणातले ४.६ अँपिअर एमसीबीला दिसलेच नव्हते, आरसीसीबीला ते दीडशे पटीने जास्त वाटतात.

घेताना आयएस १२६४० आणि ३० मिलीअँपिअर हे दोन्ही छापलेलं बघा. दिसायला तसेच १०० आणि ३०० मिलीअँपिअरचेही मिळतात. ते बाथरूमसाठी नाहीत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीची मर्यादा ३० मिलीअँपिअरच आहे. माझा सल्ला असा की संपूर्ण घराला एक आरसीसीबी असला तरी बाथरूमच्या पॉवर लाईनला स्वतंत्र आरसीबीओ बसवा. त्यात एमसीबी आणि गळती-संरक्षण एकत्र येतं, आणि गीझरमध्ये दोष निघाला तर रात्री अख्ख्या घराचा अंधार होत नाही. बाथरूमच्या लाईनवर इन्व्हर्टर तंत्राचं वॉशिंग मशीन येणार असेल तर हा आरसीबीओ ‘ए’ टाइपचा मागा.

त्याच्या मर्यादाही समजून घ्या. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरलात तर आरसीसीबीला काहीच कळत नाही, कारण गेलेला करंट पूर्ण परत येतोय. आणि अर्थिंग नसेल तर तो पडतो खरा, पण तुमच्या अंगातून करंट गेल्यानंतर. अर्थिंग असेल तर गीझरमध्ये दोष झाला त्याच क्षणी पडतो, तुम्ही आंघोळीला जाण्याआधी. म्हणून दोन्ही हवेत.

“सारखं ट्रिप होलालंय, काढून टाक ते,” असं मला दर हिवाळ्यात कुणीतरी सांगतं. काढायचं नसतं, दोष शोधायचा असतो. सगळ्या पिना काढा, आरसीसीबी वर करा, मग एकेक उपकरण लावत जा. ज्याच्यावर पडला तेच दोषी. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत ते बहुधा गीझरच निघतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यातला चुना हीटिंग एलिमेंटवर पांढऱ्या दगडासारखा चढतो, आतली उष्णता बाहेर पडत नाही, एलिमेंटचं आवरण तडकतं आणि करंट पाण्यात झिरपू लागतो. एलिमेंट बदलला की ट्रिप थांबतं. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, गीझर उघडून साफ करून घ्या आणि टाकीला गंजापासून वाचवणारा एनोड रॉडही बघून घ्या.

सगळ्या पिना काढूनही आरसीसीबी राहत नसेल तर दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र झालेले असतात किंवा भिंतीतली तार ओल धरते. जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल जिथून सोयीचा पडला तिथून उचललेला असतो, त्यामुळे हे हमखास निघतं. ते सोडवायला वेळ लागतो. तो वेळ आणि त्याची मजुरी द्या.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचीही वेगळी चौकशी करा. बाथरूमचा दिवा सहसा इन्व्हर्टरवर घेतलेला असतो. मेन स्विच पाडला तरी त्या तारेत करंट राहतो, आणि बॅटरीवर चालताना मुख्य आरसीसीबी त्या लाईनची गळती ओळखेलच असं नाही. दुरुस्तीच्या आधी इन्व्हर्टरही बंद करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

तिसरं काम: टाइल्स लागण्याआधी जागा ठरवा

आपल्या बाथरूममध्ये शॉवरला वेगळी खोबण नसते, अख्खी खोलीच ओली होते. अशा शॉवरसाठी विद्युत मानकांत सरळ नियम आहे. शॉवरच्या पाइपच्या मध्यापासून १.२ मीटर आणि फरशीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतच्या भागात सॉकेट नको, साधा स्विच नको. चार बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये मोजपट्टी धरून बघा, जवळजवळ सगळी खोली त्यात येते. म्हणून स्विचबोर्ड दाराबाहेर. ‘आत हात पोचतो, सोयीचं आहे’ म्हणून आत घेतलेला बोर्ड मी तरी बसवत नाही.

गीझर स्वतः कायमचा भिंतीला बसवलेला आणि पाण्याच्या तुषारांपासून संरक्षण असलेला, म्हणजे आयपीएक्स ४ किंवा त्यावरचा, असेल तर त्या भागातही चालतो. त्याचं सॉकेट मात्र साडेसात फुटांच्या वर, गीझरच्या बाजूला. गीझरच्या बरोबर खाली नको, कारण वॉल्व्ह गळला की पाणी तिथेच येतं. गीझरचा स्विच बाहेर, आणि तो डीपी स्विचच. साधा स्विच एकच तार तोडतो. जुन्या घरात फेज-न्यूट्रल उलटसुलट झालेले असतील तर स्विच बंद असूनही गीझरमध्ये फेज उभा असतो. डीपी दोन्ही तारा तोडतो. लाल दिवा असलेला घ्या, म्हणजे चालू राहिलेला लांबून दिसतो.

दिवे आणि एक्झॉस्ट फॅन आयपी ४४ किंवा त्याहून वरचे. आरशाजवळ ट्रिमरसाठी सॉकेट हवंच असेल तर ते शॉवरपासून १.२ मीटरच्या बाहेर, झाकणाचं आणि आरसीसीबीवरच. जागा मिळत नसेल तर ट्रिमर बैठकीत चार्ज करा.

चौथं काम: कुठल्या लाईनला किती जाडीची वायर

भागाकार स्वतः करा, सोपा आहे. वॅट भागिले २३० केलं की अँपिअर मिळतात.

दिवा आणि एक्झॉस्टला दीडची, म्हणजे दीड चौरस मिमी जाडीची वायर, ६ अँपिअरची एमसीबी. २ किलोवॅटचा साठवणीचा गीझर ८.७ अँपिअर घेतो. त्याला अडीचची वायर आणि १६ अँपिअरची एमसीबी पुरते. ३ किलोवॅटचा इन्स्टंट १३ अँपिअर घेतो. त्याला मी चारची वायर घालतो, कारण आपल्याकडे गच्चीच्या स्लॅबमधली आणि पश्चिमेच्या भिंतीतली वायर आधीच तापलेली असते आणि तापलेली वायर कमी करंट पेलते. भिंत एकदाच फोडायची असेल तर सरसकट गीझरला चारचीच घाला, फरकाची रक्कम टाइल्सच्या एका खोक्याइतकीही नसते. ४.५ किलोवॅटचा इन्स्टंट १९.६ अँपिअर ओढतो. तो १६ अँपिअरच्या पिनेवर लावायचाच नाही, डीपी स्विचमधून थेट जोडायचा, आणि आधी वीजबिलावरचा मंजूर भार बघायचा.

अर्थची हिरवी तार फेजइतक्याच जाडीची, प्रत्येक लाईनला स्वतंत्र, बोर्डापर्यंत अखंड. एमसीबी सारखी पडते म्हणून १६ च्या जागी ३२ ची बसवून देणारे भेटतात. त्याने आवाज बंद होतो आणि वायर भिंतीत जळायला लागते.

पाचवं काम: वायर विकत घेणं

तांब्याची, आयएस ६९४ची, आयएसआय शिक्का आणि त्याखाली सीएम/एल क्रमांक असलेली. तो क्रमांक दुकानातच ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून बघा, कंपनीचं नाव जुळलं पाहिजे. एफआर, म्हणजे आग सहज पसरू न देणारी, चालते. धूर कमी करणारी एफआरएलएस घेतलीत तर उत्तम, बंद घरात आगीपेक्षा धूर आधी गाठतो.

बनावट माल ओळखायला दुकानातला वजनकाटा वापरा. ९० मीटरच्या बंडलात अडीचच्या वायरचं नुसतं तांबंच दोन किलोच्या आसपास भरतं, चारच्या वायरचं तीन किलोच्या वर. त्यावर पीव्हीसीचं वजन वेगळं. अडीचचं अख्खं बंडल दोन किलोच्याही खाली भरलं तर ते तिथेच परत ठेवा. टोक सोलून तार वाकवूनही बघा. तांबं मऊ असतं, सहज वळतं आणि आतून कापलं तरी लालसरच दिसतं. नुसता मुलामा असेल तर कापलेल्या टोकाला पांढरं दिसतं.

फेजला लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलला काळी, अर्थला हिरवी. एका रंगाचं बंडल संपलं म्हणून हिरव्या तारेतून फेज नेऊ देऊ नका. दहा वर्षांनी ती प्लेट उघडणारा माणूस त्या हिरव्याला विश्वासाने हात लावेल.

सहावं काम: झिरी मारण्यापासून टाइल्सपर्यंत

वायरिंगचे पाइप सरळ उभे किंवा आडवे जाऊ द्या, तिरके नकोत. तिरका पाइप पुढे टॉवेलचा दांडा लावताना ड्रिलखाली सापडतो. शॉवरच्या भिंतीतून शक्यतो पाइप नेऊच नका, मागच्या बाजूने घ्या. पाइपच्या आत वायरला जोड नाही म्हणजे नाही, जोड फक्त बॉक्समध्ये. स्लॅबमधून येणाऱ्या पाइपमध्ये वॉटरप्रूफिंगच्या वेळी पाणी शिरतं, म्हणून त्याची तोंडं बंद करून ठेवा आणि वायर ओढण्याआधी पाइप कोरडा आहे का ते बघा.

गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढा. मग ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासून घ्या. किमान १ मेगाओहम हवं, नवीन वायर त्याच्या कितीतरी वर दाखवते. टाइल्स लागल्यावर पुन्हा एकदा मेगर, कारण मधल्या काळात मिस्त्रीची छिन्नी लागलेली असू शकते. काम परवानाधारक ठेकेदाराकडून करा आणि त्याच्याकडून या नोंदी लेखी घ्या.

बाथरूम फोडायचं नाही, भाड्याचं घर आहे

तरी तीन गोष्टी होतात. मालकाशी बोलून बोर्डात आरसीसीबी, गीझरला बाहेर डीपी स्विच, आणि सॉकेटमागची अर्थ तपासून घेणं.

आणि पाणी येण्याच्या दिवसाचं भान. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे ते आलं की बॅरल, हौद, टाकी भरायची एकच धांदल उडते. एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या फरशीवर, त्यात मोटारीची पिन, वायरला मध्ये चिकटपट्टीचा जोड, आणि पाय घोट्यापर्यंत पाण्यात. मोटारीला भिंतीवर कायमचं, झाकणाचं, अर्थिंग असलेलं सॉकेट करून घ्या आणि ती लाईन आरसीसीबीखाली आणा. मोटार हलवायची तर आधी पिन काढायची.

पाण्याचा रॉड बाथरूममध्ये नको. कोरड्या जागी, प्लॅस्टिकच्या बादलीत, रॉडवरच्या खुणेपर्यंत पाणी भरून मग बटण चालू. पाणी तापलं का ते बघायला बोट घालण्याआधी बटण बंद आणि पिन बाहेर. लहान मुलं असलेल्या घरात रॉड ठेवूच नये असं माझं मत आहे. गच्चीवर ऊन भरपूर आहे, सोलर हीटर परवडत असेल तर आधी तो बघा.

काम झाल्यावर

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा, खटका पडला पाहिजे. नाही पडला तर तो त्याच आठवड्यात बदला. हे बटण फक्त आरसीसीबी तपासतं, अर्थिंग नाही. अर्थिंगचा आकडा दरवर्षी मे महिन्यात, जमीन सगळ्यात कोरडी असताना घ्या. नळाला किंवा गीझरला हात लावताना किंचित मुंग्या आल्या तरी आंघोळ तिथेच थांबवा, बाहेरचा डीपी स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. न्यूट्रल तुटल्याची शंका असेल, म्हणजे दिवे एकदम प्रखर किंवा मंद होत असतील, तर मेन पाडून महावितरणला १९१२ वर कळवा.

कुणाला शॉक लागून तो चिकटलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन पाडा, मग इन्व्हर्टर. मेनपर्यंत जाता येत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लॅस्टिकच्या स्टुलाने त्याला वायरपासून दूर करा, स्वतः कोरड्या जागी उभं राहून. मग १०८ ला फोन करा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या वेगाने दाबत राहा, रुग्णवाहिका येईपर्यंत. शुद्धीवर आला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्या.